मारका कोंबडा आणि आपण कोंबडे निवडतो कसे

गावात कुणाचा कोंबडा अंगावर येणारा असला की घरातली माणसं ते जरा कौतुकानेच सांगतात, आमच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, परक्याला पाय ठेवू देत नाही, कुत्र्याच्या वरताण राखण करतो वगैरे. मला हे कौतुक अजिबात पटत नाही आणि आज त्यावरच लिहायचंय, कारण मे महिना तोंडावर आलाय, चाकरमानी येणार, त्यांची पोरं दिवसभर खळ्यात धावणार आणि दरवर्षीप्रमाणे कुठल्यातरी घरातून पोराला कोंबड्याने फाडलं अशी बातमी येणार. माझं म्हणणं एवढंच आहे की सावध कोंबडा वेगळा आणि मारका कोंबडा वेगळा, आपण दोघांना एकच समजतो आणि त्यामुळे मारक्या कोंबड्यांची पैदास आपल्याच हातून होत राहते. कशी ते सांगते, पण आधी कोंबडा अंगावर येतो म्हणजे काय होतं ते.

आमच्याकडे, कुडाळ बाजूला, बहुतेक घरांत मागीलदारी कोंबड्या असतातच. गावठी म्हणतो आपण त्यांना पण आता निव्वळ गावठी असं फारसं काही उरलेलं नाही, बंगळूरच्या कृषी विद्यापीठाने काढलेला गिरिराज, हैदराबादच्या सरकारी कुक्कुट संशोधन संस्थेचे वनराज आणि ग्रामप्रिया, अशी पिल्लं कधी योजनेतून तर कधी टेम्पोवाल्याकडून आली आणि गावठीत मिसळून गेली. मधे कुणीतरी असील आणतो, त्याचं रक्त मग वाडीभर पसरतं. झुंजीची जात म्हणून असीलला लोक घाबरतात आणि वाडीतला प्रत्येक तापट कोंबडा त्याच्या नावावर खपवतात. पण असील नर दुसऱ्या नराला जिवानिशी मारेल, माणसाच्या हातात मात्र बऱ्याचदा शांत असतो, कारण त्या जाती ज्यांनी शेकडो वर्षं सांभाळल्या त्यांना पक्षी रोज हातात धरायला लागायचा आणि धरणाऱ्यालाच टोचणारा कोंबडा त्यांना परवडणारा नव्हता. म्हणजे कोंबड्याशी भांडणं हा एक गुण आणि माणसाच्या अंगावर येणं हा दुसरा, दोन्ही एकत्रच येतात असं काही नाही. ही गोष्ट कळली की पुढचं सगळं सोपं होतं.

नर साधारण पाच-सहा महिन्यांचा झाला की रंग दाखवायला लागतो. तोपर्यंत पायात घुटमळणारं पिल्लू असतं, मग तुरा लालबुंद होतो, आरवायला लागतो, तलंगांच्या, म्हणजे वयात येणाऱ्या कोंबड्यांच्या, मागे लागतो आणि एक दिवस तुमच्या मागून चालत येतो. हे मागून येणं लक्षात ठेवा. समोरून झडप घालणारा कोंबडा उशिरा दिसतो, त्याआधी बरेच दिवस तो इशारे देत असतो. एक पंख खाली सोडून तिरका तिरका चालत जवळ येणं, मानेची पिसं फुलवणं, जमिनीवर काही नसताना उगाच चोच मारत मारत अंतर कमी करणं, तुम्ही पाठ केली की दोन पावलं पुढे आणि वळलात की थांबणं. कोंबडीसमोर तो अशीच पंख सोडून गिरकी घेतो म्हणून आपल्याला वाटतं लाडात आलाय. माणसासमोर हेच करायला लागला तर तो तुम्हाला कळपात मोजतोय आणि तुमची जागा कुठली ते तपासतोय.

कोंबड्यांच्या कळपात वरखाली ठरलेलं असतं हे गावातल्या प्रत्येक बाईला माहितीये, कोण आधी दाणा खाणार, कोण कुणाला टोचणार. ह्याचा शास्त्रीय अभ्यास नॉर्वेच्या शेल्डेरुप-एब्बे नावाच्या माणसाने केला, लहानपणापासून तो कोंबड्या बघत आलेला आणि 1921 च्या सुमारास त्याने टोचण्याच्या ह्या क्रमावर प्रबंध लिहिला. नर मोठा होताना ह्या क्रमात वर चढत असतो. माणसांपासून लांब वाढलेला नर माणसाला क्रमात धरतच नाही, त्याच्या लेखी आपण मोठं जनावर, लांब राहिलेलं बरं. पण जो हातावर वाढलाय, पोरांनी खिशात घेऊन फिरवलाय, त्याची भीती गेलेली असते आणि तो मोठेपणी आपल्याला दुसरा नर समजू शकतो. म्हणून माझं पोरांना सांगणं असतं की लाड करायचेत तर तलंगांचे करा, नर पिल्लाला दाणा घाला, बघा, पण मांडीवर घेऊन मोठा करू नका.

मग भडकतो कशाने? आमच्या वाडीत तरी ठरलेल्या गोष्टी दिसतात. पावसात इरलं किंवा प्लास्टिकची खोळ घेऊन कुणी आलं की ती सळसळते, माणसाचा आकार बदलतो आणि ओळखीच्या माणसावरही कोंबडा धावतो. गमबूट, कारण ते नेमके त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर असतात आणि चालताना ठक ठक आवाज येतो. हलणारी केरसुणी. पळणारं पोर. आणि सगळ्यात मोठं म्हणजे त्याच्यासमोर कोंबडी पकडणं, ती जो आकांत करते त्यावर कुठलाही नर धावून येणार, त्यात त्याची चूक काहीच नाही, ते त्याचं कामच आहे. कोंबडी धरायचीच असेल तर तिन्हीसांजेनंतर खुराड्यातून काढावी. अंधारात त्यांना नीट दिसत नाही, सगळा कळप शांत असतो, कुणाला पत्ता लागत नाही.

आमच्या सासूबाईंच्या मागे एक काळापांढरा नर लागला होता. बाकी कुणाला काही करायचा नाही, त्यांना बघितलं की आला. त्या म्हणायच्या, "माका बघल्यान काय पिसा फुलयता तो." त्या सकाळी खुराडं उघडायच्या, अंडी काढायच्या, अंडी उबवायला बसलेल्या खुडूक कोंबडीला उठवून दाण्यावर घालायच्या, म्हणजे त्याच्या कळपात दिवसातून सगळ्यात जास्त ढवळाढवळ करणारं माणूस तेच. त्यांच्या पायावर फुगलेल्या शिरा आहेत आणि मला खरी भीती त्याचीच होती. 2019 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका म्हाताऱ्या बाईंची केस वैद्यकीय जर्नलमध्ये छापून आली होती, अंडी गोळा करताना कोंबड्याने पायावरच्या फुगलेल्या शिरेवर टोचलं आणि रक्त थांबलं नाही, त्या गेल्या. असं क्वचित होतं हे मान्य आहे, पण ज्यांच्या घरात वयस्कर माणसं आहेत, व्हेरिकोज व्हेन्सवाली आहेत, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेणारी आहेत, त्यांनी हे डोक्यात ठेवलंच पाहिजे. लहान पोरांचं तर विचारूच नका, दोन-तीन वर्षांच्या पोराचा चेहरा कोंबड्याच्या उडीच्या बरोबर टप्प्यात असतो, डोळा गेला तर कुणाला सांगणार.

पायाच्या मागचा काटा हे त्याचं खरं हत्यार, चोच नंतर. पहिल्या वर्षी नुसती गाठ असते, पुढे वाढत वाढत जुन्या नरांचा चांगला बोटभर होतो. उडी मारून दोन्ही पाय पुढे झोकतो तेव्हा काटा आत घुसतो, वरून जखम बारीक दिसते म्हणून लोक हळद दाबतात आणि कामाला लागतात. असं करू नका. साबण लावून नळाच्या वाहत्या पाण्याखाली बराच वेळ धुवा, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंय आठवत नसेल तर आरोग्य केंद्रात जाऊन घ्या, आणि दुसऱ्या दिवशी सूज, लाली वाढली तर परत दाखवा. कोंबडीचे पाय दिवसभर उकिरड्यात असतात हे विसरू नका. काट्याचं टोक कानशीने घासून बोथट करता येतं, रात्री एकाने कोंबडा कापडात गुंडाळून धरायचा आणि दुसऱ्याने फक्त टोक घासायचं. मुळापर्यंत जायचं नाही, आत हाड असतं, रक्तवाहिनी असते, पक्ष्याला दुखतं आणि रक्त भळभळतं. टोक बोथट केल्याने स्वभाव बदलत नाही पण पाय फाटायचा वाचतो.

आता वागायचं कसं. लोक पहिल्यांदा काय करतात तर लाथ मारतात नाहीतर दांडका घेतात. लाथ म्हणजे त्याच्या भाषेत झुंजीला होकार, समोरचा नर पाय उचलून आला म्हटल्यावर तो दुप्पट जोराने येतो, आणि बरगडी मोडली तर पक्षी फुकट तडफडून मरतो. पळालात तर तो जिंकला, उद्या परत येणार. जागेवर उभं राहायचं, त्याच्याकडे तोंड करून, हातात पाटी किंवा रिकामी बादली असली तर ती मधे धरायची, मारायची नाही नुसती आड धरायची, त्याला काय टोचायचं ते बादलीला टोचू दे. दमला की आपण आपल्या कामाने त्याच्या दिशेने सावकाश चालत जायचं, त्याने बाजूला व्हायचं, आपण वळसा घालायचा नाही. ज्याला धरता येतं त्याने धरावं, दोन्ही पंख अंगाशी दाबून काखेत घ्यायचा आणि तसाच घेऊन इकडची तिकडची कामं करायची, पाणी बघायचं, दाणे टाकायचे, तो ढिला पडला, मान खाली केली की हळूच सोडायचा. पाय धरून उलटा लटकवू नका, बाजारात सर्रास करतात ते मला बघवत नाही, पक्ष्यांना आपल्यासारखं श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोटामधला पडदा, नसतं, उलटं केलं की पोटातली आतडी वगैरे सगळं श्वासाच्या पिशव्यांवर येतं आणि त्यांना दम लागतो.

सासूबाईंच्या बाबतीत आम्ही हेच केलं, शिवाय अंडी काढायचं काम दुपारी कळप मांगराकडे, म्हणजे शेतातल्या खोपीकडे, उकरायला गेला की करायचं ठरवलं आणि सकाळी खुराडं उघडायच्या आधी बाहेर लांबवर कणी टाकून ठेवायला लागलो, म्हणजे दार उघडलं की सगळे तिकडे पळतात. उघडणाऱ्याच्या पायाशी कुणी थांबत नाही. महिन्याभराने बराच निवळला. पण पूर्ण नाही, आणि त्याचं पुढे काय केलं ते सांगते.

एकदम शांत असलेला नर अचानक मारका झाला तर मात्र त्याला शिस्त लावायच्या आधी तपासा. पंखाखाली पिसवा-उवा, तळपायाला गाठ, डोळ्याला इजा, दुखणं असलं की जनावर चिडतं. आणि नर किती आहेत ते मोजा. नैसर्गिक पैदाशीला आठ-दहा कोंबड्यांना एक नर पुरतो. आपल्याकडे पिल्लं निघाली की निम्मे नर निघतात, "मोठे होऊदेत मग बघू" करत करत सहा कोंबड्यांमागे चार नर फिरत असतात. बिचाऱ्या कोंबड्यांच्या पाठीची पिसं जातात, कातडी सोलवटते, त्या मागीलदारातून बाहेरच पडत नाहीत, आणि नर आपापसात आणि माणसांवर दोन्हीकडे तापलेले. जास्तीचे नर वेळेवर कमी केले तर निम्मा त्रास तिथेच संपतो. दोन ठेवायचेच असतील तर जागा मोठी हवी आणि मधे दगडांचा गडगा, झुडपं, लाकडाची रास असं काहीतरी हवं की हरलेल्याला नजरेआड होता येईल. मोकळ्या चौकोनी जाळीत दोन नर कोंडले तर एकाचा जीव जाईपर्यंत थांबत नाहीत. कळपातला वरचढ नर कोण ते पहाटे अंथरुणात पडूनसुद्धा कळतं, जपानमध्ये संशोधकांनी 2015 साली दाखवलं की पहाटे पहिला आरव वरचढ नराचा असतो आणि बाकीचे क्रमाने त्याच्या मागून.

आता मुद्द्याचं, म्हणजे निवड. आपल्याकडे कोंबडा कापायचा कधी? गटारीला, पाहुणे आले की, जागेच्या राखणदाराच्या राखणेला, काही घरांत गौरीच्या तिखट नैवेद्याला. आणि कापायला कुठला सापडतो? जो हाताला लागतो तो. शांत नर दाण्याला जवळ येतो, पटकन धरला जातो, गटारीला जातो. मारका नर हाताला लागत नाही, पोरं त्याच्याजवळ जात नाहीत, घरधनी म्हणतो राहू दे ह्याला, दांडगा आहे. वर्षाअखेर खळ्यात उरतो तो हाच, आणि खुडूक कोंबडीखाली जी अंडी बसतात ती त्याचीच. दरवर्षी असंच चाललंय. स्वभाव रक्तातून उतरतो, निदान काही भाग तरी नक्की उतरतो, म्हणूनच तर झुंजीच्या जाती तयार करता आल्या. मग मारक्या नराची पिल्लं मारकी निघाली की आपण म्हणतो हल्लीचे कोंबडेच असले.

आमचे शेजारचे काका मला त्या काळ्यापांढऱ्याबद्दल कळवळून म्हणाले होते, "वयनी, ह्यो कोंबो कापू नको, जातिवंत आसा." काकांबद्दल मला आदर आहे, कोंबड्यातलं त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं, पण जातिवंत कशाला म्हणायचं ह्यावर माझं त्यांच्याशी जमत नाही. माझ्या लेखी जातिवंत नर म्हणजे ज्याला किडा सापडला की तो स्वतः गिळत नाही, चोचीत उचलून खाली टाकतो, टक टक टक करून कोंबड्यांना बोलावतो आणि त्यांना खाऊ देतो. आभाळात घार किंवा शिकरा दिसला की एक डोळा वर करून बारीक लांब आवाज काढतो आणि सगळा कळप क्षणात करवंदीच्या जाळीत, आणि मुंगूस नाहीतर मांजर जमिनीवरून आलं तर वेगळाच तुटक कलकलाट करतो, दोन आवाज वेगळे असतात आणि कोंबड्यांना दोन्हींचा अर्थ कळतो. संध्याकाळी शेवटची तलंग आत जाईपर्यंत खुराड्याच्या दाराशी उभा राहतो. हे सगळं करणारा नर माणूस आला तर काय करतो, तर बाजूला होतो आणि कोंबड्यांनाही बाजूला घेतो. असा एक नर आमच्याकडे होता, त्याच्या राज्यात घारीने पिल्लं फारशी नेली नाहीत आणि आमची धाकटी त्याच्या कळपामधून रांगत जायची. राखण ह्याला म्हणतात. सासूबाईंच्या पायावर झडप घालून घार पळत नाही.

तर काळापांढरा. तो राखणेला बोललेला होता, म्हणजे जागेच्या राखणदाराला वर्षाचा कोंबडा द्यायचा तो, एकदा बोलला की मधेच विकता येत नाही की कापता येत नाही, दिवस येईपर्यंत सांभाळायचाच. तोवर त्याला मांगराशेजारी जाळीत वेगळा ठेवला, दाणापाणी मी घालायचे, सासूबाईंना तिकडे जायचं कामच ठेवलं नाही. चांगला सावलीत, ऐसपैस ठेवला होता. पण त्याच्या कोंबड्यांची अंडी मात्र पैदाशीला एकही बसवली नाही. हे करताना एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते, नर वेगळा केला म्हणजे दुसऱ्या दिवसापासून अंडी त्याची नसतात असं नाही, कोंबडीच्या पोटात नराचं बीज दोन आठवडे, कधी तीन आठवडेही टिकतं. त्यामुळे नवा नर सोडला तरी पहिल्या तीन आठवड्यांची अंडी खायची, विकायची, आणि त्यानंतरचीच खुडूकखाली घालायची. मग एकवीस दिवसांनी पिल्लं. आमच्याकडे त्यानंतर निघालेल्या नरांत तापट निघाले ते एक-दोनच, आणि ते लवकर ओळखून लवकर काढले.

काढलेल्या मारक्या कोंबड्याचं करायचं काय हाही प्रश्न असतोच. खाण्यात मला काही गैर वाटत नाही, गावठी नराचा रस्सा आणि वडे हे आमचं जेवणच आहे, नीट वाढवलेला पक्षी एका झटक्यात आणि बाकी कळपाच्या नजरेआड कापावा एवढंच. पण दोन गोष्टी करू नका. एक, मारका आहे हे न सांगता बाजारात किंवा ओळखीत देऊ नका, त्या घरात लहान मूल असेल. दुसरी, तापट नर म्हटल्यावर झुंज लावणारे बरोबर वास काढत येतात, चांगले पैसे देतो म्हणतात, त्यांना देऊ नका. प्राण्यांना झुंजवणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, सुप्रीम कोर्टाने 2014 साली तमिळनाडूतल्या जलीकट्टूच्या, म्हणजे बैलांच्या खेळाच्या, निकालात ते परत स्पष्ट केलंय, आणि कायदा बाजूला ठेवला तरी पायाला पातं बांधून मरायला पाठवायचं म्हणजे काय. तेलंगणात 2021 मध्ये अशाच बांधलेल्या पात्याने कोंबड्याच्या मालकाचाच जीव गेला होता, पेपरात आलं होतं.

तर मे महिन्यासाठी एवढं करा. पाहुणे यायच्या आधी आपला नर अनोळखी माणसाशी कसा वागतो ते शेजाऱ्याला बोलावून बघा, पोस्टमनवर धावतो का ते आठवा. धावत असेल तर मुलं आहेत तोवर तो जाळीत राहिला पाहिजे, ह्यात चर्चा नको. पोरांना पहिल्याच दिवशी सांगा की खळ्यात कोंबड्यांमधून चालायचं, धावायचं नाही आणि पिल्लांना हात लावायचा नाही, खुडूक उठलेली आई तर नरापेक्षा वाईट टोचते. आणि कळपात जो शांत, सावध, किडा वाटून खाणारा नर दिसेल त्याच्या पायात आजच लाल दोरा बांधा, आणि गटारीला कोंबडा धरायला जो कोणी जाणार असेल त्याला आताच सांगून ठेवा की दोरावाल्याला हात लावायचा नाही.